अडलेली ओळ

आमच्या चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सगळी मंडळी मोठ्यानं म्हणते. सहा वर्षं तिच्यातल्या एका ओळीला माझे ओठ मिटायचे. ऋण सोडण्याची ती ओळ. आमच्या मराठी बायबलात तिथं 'ऋण' आणि 'ऋणी' असेच शब्द आहेत, त्यामुळे पळवाटच नाही. धाकट्या भावानं मुलीच्या लग्नाला माझ्याकडून 80 हजार नेले. एकदा मागितले, तर चारचौघांत मलाच कवडीचुंबक ठरवलं. तेव्हापासून तो डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडच्या.

मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त. शेजारचे आप्पा दरवर्षी मुक्ताईच्या पालखीला जातात. यंदा त्यांचा गुडघा धरलेला, घरचे एकटं सोडेनात. मला म्हणाले, "चाल ना भो, दोन दिवस तरी. तू तुझ्या देवाचं नाव घे, मी माझ्या घेतो."

मंडळीतल्या एक-दोघांना हे रुचलं नाही. त्यांचा राग मी समजू शकतो. मूर्तीपुढे मी हात जोडत नाही, तिथंही जोडले नाहीत. आप्पांना आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण दुखऱ्या पायाच्या शेजाऱ्याची पिशवी उचलायला प्रभूनं मला कधी मना केलं असतं?

पालखी कोथळीच्या जुन्या मंदिरातून निघते. पंढरपुरापर्यंत महिनाभराची चाल. जेठाचं ऊन, नांगरून तापलेली काळी रानं, मधूनच केळीचा बाग आला की अंगाला गारवा लागायचा. टाळ-मृदंग मला परका नव्हता. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांची भजनं आम्ही लहानपणापासून पेटी-तबल्यावर म्हणत आलो. 1893 साली नाशिकहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. तो लोहमार्ग भुसावळवरूनच जातो. उभी नोकरी त्या रुळांवर गेली, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

दुपारच्या विसाव्याला शेजारच्या एका म्हाताऱ्या मायचा तळपाय बघितला. टाचेखाली लिंबाएवढा फोड, त्यावर धुळीचा थर. बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतला, मांडीवर घेतला. तिनं पिशवीतून सुई-दोरा काढून दिला. सुई काडीच्या जाळावर धरली, फोडाच्या एका कडेनं घालून दुसरीकडून काढली, दोरा आतच ठेवला. पाणी हळूहळू दोऱ्यावरून झिरपत राहिलं. तिनं विचारलं, "कोणत्या दिंडीतला रे तू, भाऊ?" मी म्हटलं, "ख्रिस्ती आहे, माय." ती म्हणाली, "मग दुसरा पाय पण बघ."

रात्री पंगतीत वरण-बट्टी नि वांग्याची भाजी. मग कीर्तन. महाराजांनी ताटीचे अभंग घेतले. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीचं दार लावून बसतात आणि धाकटी मुक्ताई बाहेरून त्यांना विनवते. हा प्रसंग मी शाळेपासून ऐकलेला. त्या रात्री मात्र मला आतून लावलेली कडीच दिसत होती. चारचौघांतल्या बोलण्यानं दुखावलेला मीही सहा वर्षं आतच होतो.

झोप आली नाही. शाळेच्या ओट्यावर पडून प्रार्थना करत राहिलो, आणि तीही शब्द जुळवून नव्हे. 80 हजार सोडायला मी एव्हाना तयार होतो. पेन्शन येते, घर चालतं. पण एक दिवस भाऊ माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहील, ही वाट बघणं सोडवेना. पैशापेक्षा तीच उधारी मोठी होती. प्रभूला तेवढंच सांगितलं, की ही माझ्या हातून सुटत नाही, तूच सोडव.

पहाटे काकड्याच्या आधी भावाला फोन लावला. दोनदा कट केला, तिसऱ्यांदा वाजू दिला. "दादा?" तो घाबरूनच बोलला, "कोणाचं काही झालं का?"

"काही नाही. मुक्ताईच्या पालखीत आहे. ते पैसे आता माझ्या वहीत नाहीत, एवढं सांगायचं होतं."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "तू चालतोयस? तुझी शुगर? गोळ्या नेल्यास का?"

नेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोटरसायकलवरून गोळ्या घेऊन रस्त्यावर आला, नि आप्पांची पिशवी माझ्या खांद्यावरून घेऊन जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत आमच्याबरोबर चालला.