माझा अनुभव : जपमाळेतल्या शब्दांपाशी थांबताना

ऑक्टोबर हा आमच्याकडे सोयाबीनच्या सोंगणीचा महिना आणि जपमाळेचाही महिना. पोप तेरावे लिओ यांनी १८८३ मध्ये हा महिना जपमाळेसाठी राखून ठेवला. तेव्हापासून चालत आलेल्या या प्रथेप्रमाणे अमरावती धर्मप्रांतातल्या आमच्या लहानशा गावात रोज दिवेलागणीनंतर एकेका घरी जपमाळ होते. चर्च बावीस किलोमीटरवर आहे आणि फादर महिन्यातून दोनदाच येतात, त्यामुळे जपमाळ सांगण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्या आईकडे होते. मागच्या पावसाळ्यात ती अंगणात घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा ते काम माझ्याकडे आले.

प्रार्थना मला पाठ होत्या. अर्थ माहीत आहे, असेही मी धरून चाललो होतो. माझी धाकटी सून वारकरी घरातून आलेली आहे. तिच्या माहेरी तुळशीची माळ १०८ मण्यांची, आमची ५९ मण्यांची. तिने पहिल्याच आठवड्यात विचारले, “बाबा, आपण मरियेची पूजा करतो का?” मला नीट उत्तर देता आले नाही. आईला विचारले, तर ती म्हणाली, “अर्थ मले का माहीत बाप्पा, म्हनता म्हनता अंगात भिनलं.” तिचे म्हणणे खोटे नव्हते, पण सुनेला ते पुरेसे नव्हते आणि मलाही पुरेनासे झाले. मग मी रोज रात्री बायबल आणि आईचे जुने प्रार्थनापुस्तक घेऊन बसू लागलो, अडेल तिथे पुढच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, फादरांना विचारू लागलो.

माळेच्या बहुतेक मण्यांवर म्हटल्या जाणाऱ्या ‘नमो मरिये’ या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातल्या पहिल्या अध्यायातून जवळजवळ जसाच्या तसा आलेला आहे, हे मला पन्नाशीत कळले. ‘कृपापूर्णे, प्रभू तुझ्याठायी आहे’ हे देवदूत गॅब्रिएलचे अभिवादन आहे आणि ‘स्त्रियांमध्ये तू धन्य’ हे शब्द डोंगराळ भागात राहणाऱ्या एलिझाबेथने आपल्या दारात आलेल्या गर्भवती नातेवाईक मुलीला, म्हणजे मरियेला, उद्देशून काढलेले आहेत. उत्तरार्ध नंतरच्या काळात हळूहळू जोडला गेला आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात त्याला आजचे रूप मिळाले. ‘देवाची माता’ या शब्दांमागे इ. स. ४३१ ची एफेससची धर्मपरिषद आहे. येशू हा खरा देव आणि खरा मनुष्य असल्यामुळे त्याला जन्म देणारीला देवाची माता म्हणणे योग्य आहे, असा तिथला निर्णय होता. सुनेच्या प्रश्नाचे उत्तर मात्र उत्तरार्धातल्या ‘विनंती कर’ या दोनच शब्दांत होते. आम्ही मरियेकडे वर मागत नाही, आमच्यासाठी देवाकडे शब्द टाक, असे तिला म्हणतो. पूजा एकट्या देवाची. सुनेने हे लगेच ओळखले, कारण घरातल्या थोरल्या बाईकरवी गोष्ट पुढे नेणे तिला चांगले माहीत होते.

विश्वासांगीकारातले, म्हणजे आमची श्रद्धा सांगणाऱ्या प्रार्थनेतले, येशूविषयीचे ‘अधोलोकात उतरला’ हे शब्द मी लहानपणापासून नरकाच्या अर्थाने घेत होतो. तो मृतांचा लोक, जिथे ख्रिस्तापूर्वीचे नीतिमान लोक तारणाची वाट पाहत होते, असे फादरांनी समजावले. आईच्या पुस्तकात रहस्ये, म्हणजे जपमाळ म्हणताना मनात आणायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग, पंधराच आहेत. प्रकाशाची पाच रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडली, म्हणून आई आजही गुरुवारी आनंदाची रहस्ये घेते आणि मी तिला टोकत नाही.

खरा अडलो तो ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ या प्रार्थनेत. आम्ही म्हणताना ‘अपराध’ म्हणतो, पण मत्तयच्या सहाव्या अध्यायात मूळ शब्द कर्जाचा आहे आणि माझ्याजवळच्या मराठी बायबलात तिथे ‘ऋण’ असेच छापलेले आहे : जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. कास्तकाराच्या घरात हा शब्द नुसता वाचून पुढे जाता येत नाही. चुलतभावाने पेरणीच्या वेळी नेलेले बारा हजार रुपये हातउसने माझ्या वहीत तीन वर्षे तसेच होते आणि तेवढीच वर्षे आम्ही बोलत नव्हतो. रोज संध्याकाळी तो समोर बसून तीच प्रार्थना म्हणत असे. त्या ओळीवर माझा आवाज दोन दिवस बसला. फादर म्हणाले, पैसे मागण्याचा हक्क तुमचा आहे, पण त्या पैशांपायी मनात जे धरून ठेवले आहे ते सोडायचे आहे. वहीतली नोंद मी खोडली नाही. पुढच्या सोमवारी जपमाळ त्याच्या घरी होती; मी गेलो, त्याच्या ओसरीवर बसून ती ओळ पूर्ण म्हटली आणि निघताना त्याच्या हातचा चहा घेतला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी जपमाळ आमच्या घरी होती. सांगणारा पूर्वार्ध म्हणतो आणि बाकीचे उत्तरार्ध म्हणतात, अशी आमची रीत आहे. आई नेहमी सांगणारी असल्यामुळे तिच्या तोंडून मी आजवर बहुतेक अभिवादनच ऐकले होते. त्या रात्री तिची बाज दाराशी ओढून घेतली होती. मी ‘धन्य तुझ्या उदराचे फळ येशू’ म्हणून थांबलो, की सगळ्यांच्या किंचित मागून, डोळे मिटून, अंगठ्याने मणी सरकवत ती म्हणायची, “आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.” असे पन्नास वेळा झाले. पाचव्या दशकात, म्हणजे शेवटच्या दहा मण्यांच्या वेळी, सून उठली, आईच्या उशाशी जाऊन बसली आणि तिच्या सुरात सूर मिळवून उत्तर देऊ लागली.