पन्हाळ्याच्या घाटाला विचारून

जुन्या रेसर सायकलची फ्रेम स्वस्तात मिळते. कधीकधी फुकटही मिळते, कारण आपल्याला ती जेवढी हवी असते त्याहून जास्त घाई मालकाला माळा मोकळा करायची असते. खरा खर्च पुढे. फ्रेम घरात आली की तिला चाकं लागतात, चाकांना ब्रेक लागतात, आणि यातली एक वस्तू पक्की केली की दुसऱ्या तीन वस्तूंचे पर्याय बसल्याजागी बंद होतात. घरच्यांना वाटतं, हा माणूस रात्री जागून सायकलचे भाग निवडतोय. खरं तर तो कशाला काय बसत नाही याचा हिशेब मांडत असतो.

माझ्याकडे आलेली फ्रेम नात्यातल्या एका काकांची. सत्तरच्या दशकात ते इंग्लंडला होते, तिथे वापरलेली रॅले कंपनीची सायकल परत येताना सोबत घेऊन आले. चाकं, गियर, हँडल पुढच्या तीसचाळीस वर्षांत ज्याला जे लागलं त्याने नेलं. उरला हिरवा सांगाडा, मधोमध फाटलं म्हणून कुणी न नेलेलं चामड्याचं सीट, आणि सीटखालच्या नळीवर अर्धा निघालेला स्टिकर. त्यावरचा '५३१' हा आकडा मात्र शाबूत होता. माझा जीव अडकला तो तिथे.

५३१ म्हणजे बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली काढलेली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. ती बाहेरून सरळ एकसारखी दिसते. पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते. जोडाजवळ ताण जास्त म्हणून तिथे माल जास्त, मध्ये उगाच वजन नको म्हणून तिथे कमी. या युक्तीचं पेटंट तर त्याहून जुनं, १८९७चं. मग अशा नळ्या लगमध्ये, म्हणजे जोडावरच्या पोकळ खोबणीत, बसवून पितळेने झाळायच्या. हातात उचलल्यावर फरक लगेच कळतो. गंगावेशीत दुधाच्या किटल्या लटकवून येणारी डबलबार सायकल ज्याने कधी जिन्यावरून वर चढवलीय, त्याला ही फ्रेम उचलताना काहीतरी खाली राहिलंय असं वाटतं.

आता प्रश्न असा की हिच्यावर काय चढवायचं. या नादातल्या जाणत्यांचं मत पक्कं असतं: फ्रेम ज्या सालची, भागही त्याच सालचे. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, त्या वर्षीचा, ब्रेकचे लिव्हर त्या वर्षीचे, जमलं तर पेडलच्या धूळ अडवणाऱ्या टोप्यासुद्धा. मला या निष्ठेबद्दल आदर आहे, पण अशी सायकल शेवटी भिंतीवर जाते. मला ती रविवारी सकाळी पन्हाळ्याला न्यायची होती. म्हणून मी ठरवलं, साल नको विचारायला, घाटाला विचारू.

घाटाचं उत्तर सरळ असतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून अठराशे फुटांच्या आसपास, पन्हाळा तीन हजारांच्या वर. अंतर वीसेक किलोमीटर, पण पहिला बराचसा रस्ता सोपा. चढ सगळा शेवटी, आणि वाघबीळ सोडल्यावर रस्ता आपली चौकशी सुरू करतो. त्या काळच्या रेसरला पुढे ५२ आणि ४२ दात्यांची चक्रं, मागे फार तर २४ किंवा २६. पुढे ४२, मागे २४ धरलं तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पावणेचार मीटर पुढे जाते. सपाटीवर छान. घाटात पंचविशीतल्या पोराने कराव्यात अशा गोष्टी. पुढे ३४ आणि मागे २८ केलं तर तोच एक फेरा अडीच मीटरवर येतो, आणि गुडघे वाटाघाटीला तयार होतात.

पण ३४ दाती चक्र जुन्या इटालियन क्रँकवर, म्हणजे पेडल ज्या दांडीला असतं तिच्यावर, बसतच नाही. पाच बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास १४४ मिलिमीटर. त्यावर ४१च्या खाली दाते करायला जागाच उरत नाही. ११० मिलिमीटरच्या क्रँकवर ३४ आरामात बसतं. म्हणजे एकीकडे आरशासारखी चकाकणारी, बघतच राहावी अशी वस्तू. दुसरीकडे चारचौघांसारखी दिसणारी, पण वर पोचवणारी. मी दुसरी घेतली. चांदीच्या रंगाची घेतली, काळी नाही. तेवढी लाज राखली.

डिरेलरच्या बाबतीतही तेच. इटलीच्या कॅम्पानोलो कंपनीचा न्यूओव्हो रेकॉर्ड हा त्या काळातला राजा, १९६७ पासूनचा. दिसायला देखणा, टिकायला चिवट. पण मागच्या मोठ्या चक्राकडे जाताना कुरकुरतो, २८ दाते पाहिले की हात वर करतो. गंमत अशी की त्याच्याआधी, १९६४ सालीच, जपानच्या सनटूर कंपनीने डिरेलरच्याच चौकटीला तिरका कोन देऊन असा डिरेलर काढला होता, की चेन सरकताना त्याची छोटी चाकी मागच्या चक्रांच्या उतरणीला धरून खाली जायची. किंमत कमी, काम चोख. पेटंट होतं तोवर बाकीच्यांना त्याची नक्कल करता आली नाही, आणि हौशी लोक इटालियन वस्तूला ओवाळत राहिले. पेटंट संपलं आणि सगळ्यांनी तोच कोन उचलला. आज कुठलाही साधा डिरेलर उघडा, तो सनटूरचाच नातू. मग मीही नातूच बसवला. गियरची दांडी मात्र फ्रेमच्या खालच्या नळीवरची, जुन्या घर्षणाची. तिला टकटक करत ठरलेल्या खाचा नसतात. आपणच कानाने ऐकून नेमकी जागा शोधायची. म्हणूनच ती कुठल्याही डिरेलरशी आणि मागच्या कितीही चक्रांशी जुळते. काटकसरी माणसाला याहून चांगली दांडी मिळणार नाही.

खरा गोंधळ चाकांचा. आपल्या साध्या सायकलचं अठ्ठावीसचं चाक: रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. माझ्या रॅलेचं मूळ चाक सत्तावीसचं: ६३०. आजच्या रेसरचं ७००सी: ६२२. इथवर ठीक. पण या ६२२ च्या टायरवरही कंपन्या बिनधास्त २८ लिहितात, आणि डोंगरात न्यायच्या जाड टायरच्या सायकलीला तेच ६२२ चं रिम लावून त्याला २९ म्हणतात. म्हणजे सत्तावीस हे अठ्ठाविसाहून मोठं, आणि एकोणतीस हे सत्ताविसाहून लहान! दुकानदाराला 'अठ्ठावीसचा टायर द्या' म्हणालात तर कुठला मिळेल हे त्याच्या मूडवर आहे. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ३२-६३० किंवा २८-६२२ असं छापलेलं असतं, आधी टायरची रुंदी, मग रिमचा व्यास, तेवढंच खरं.

मी ६२२ घेतलं. सत्तावीसच्या टायरचे नवे प्रकार आता फारसे निघत नाहीत, म्हणून. व्यास ८ मिलिमीटरने घटला, म्हणजे ब्रेकचे शू प्रत्येक बाजूला ४ मिलिमीटर खाली न्यायचे. जुन्या वाइनमन ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा होती, त्यामुळे ते भंगारवाल्याकडून उचलून साफ करून लावले. रिम मात्र अ‍ॅल्युमिनियमचीच, यावर चर्चा नाही. क्रोमची लोखंडी रिम उन्हात सुंदर चमकते आणि पावसात ब्रेकला विचारतही नाही. पन्हाळ्याच्या उतारावर, जुलैतल्या धुक्यात, समोरून एसटी येत असताना, चमक कोणाला हवी असते?

चाक आलं, आणि ते मागे बसेना. जुन्या पाच गियरच्या फ्रेमला मागे १२० मिलिमीटर जागा, नव्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, १३०. इथे मात्र पोलाद आणि कोल्हापूर दोन्ही कामी आले. शिवाजी उद्यमनगरात ज्या मिस्त्रींकडे गेलो, त्यांच्या लेथवर तेव्हा कुठल्यातरी पंपाचा शाफ्ट चढलेला होता. ऑइल इंजिनपासून उसाच्या चरकापर्यंत सगळं दुरुस्त केलेली ही गल्ली. त्यांनी फ्रेम उलटीपालटी करून पाहिली.

"किती फाकवायची?"

"दहा मिलिमीटर. दोन्हीकडं पाच-पाच."

"एवढंच व्हय? अ‍ॅल्युमिनम असतं तर हात लावला नसता. लोखंड ऐकतंय की."

आटे पाडलेला रॉड आडवा घालून, दोन बाजूंनी नट हळूहळू फिरवत त्यांनी फ्रेम उघडली; सोडली की थोडी परत यायची, पुन्हा थोडी जास्त. मग एक दोरी मागच्या एका टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला बांधली, आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर व्हर्निअरने मोजलं. एकीकडे जरा जास्त निघालं, ते हाताने दाबून सारखं केलं. शेवटी जिथे चाकाचा आस बसतो त्या दोन पट्ट्या पुन्हा समांतर केल्या, कारण त्या तिरक्या राहिल्या तर आस वाकतो. चहा मी पाजला.

पेडलचा आस ज्यांत फिरतो त्या खालच्या कपांचे आटेही त्यांनीच पाहिले. इंग्लंडभर इंचाला २४ आटे, पण रॅलेने नॉटिंगहॅमच्या कारखान्यात कित्येक सायकलींना स्वतःचे वेगळे २६ ठेवले होते. तसं निघालं असतं तर कप शोधत फिरणं आलं असतं. माझ्या फ्रेमला २४ निघाले. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा, हे मिस्त्रींना सांगावंही लागलं नाही. छर्रे सुट्टे, पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा. सगळ्या सायकलीत एवढ्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही, आणि लोक नेमकी तीच बदलत नाहीत.

रंग दिला नाही. ओरखडे राहू दिले, फक्त गंज काढला. भट्टीतला पावडरचा जाड थर दिला की लगच्या कडा बुजतात, आणि ज्याने त्या कडा कानशीने घासून बारीक केल्या त्याचे कष्ट वाया जातात.

सीटबद्दल मात्र जरा सावकाश सांगायला हवं. ते ब्रुक्सचं होतं. ही बर्मिंगहॅमची १८६६ पासूनची कंपनी, चामड्याच्या सायकल सीटचं तिचं पहिलं पेटंट १८८२चं. रचना अगदी साधी: पुढून मागे लोखंडी चौकट, तिच्यावर जाड चामड्याचा एकच तुकडा ताणून तांब्याच्या रिबिटांनी ठोकलेला, खाली गादी-बिदी काही नाही. नाकाजवळ एक बोल्ट. चामडं सैलावलं की तो फिरवून ताण द्यायचा. हे चामडं क्रोमने नव्हे, झाडाच्या सालीने कमावलेलं. साल म्हटल्यावर कोल्हापूरकराच्या डोक्यात काय यावं? बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं इथे पिढ्यान्‌पिढ्या चपलेसाठी वापरतात. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मग नवं सीट परदेशातून कशाला मागवायचं?

सुभाषनगरातल्या एका कारागिरांकडे ती फाटकी वस्तू नेली. त्यांनी आधी फाटलेलं चामडं अंगठ्याने वाकवून पाहिलं, मग वास घेतला.

"माल चांगलाय. पर तेल दिल्यालं दिसत न्हाई कधी."

"जमेल का?"

"म्हशीचं घालूया, तळव्याचं. भिजवून साच्यावर ताणावं लागंल. घाई करू नका म्हणजे झालं."

साचा त्यांनी जुन्याच चामड्यावरून लाकडाचा घडवला. चामडं भिजवून साच्यावर ताणलं, कडा दोरीने आवळल्या, सावलीत वाळवलं, मग चौकटीवर चढवून रिबिटा ठोकल्या. बाजूला, मागच्या कोपऱ्याजवळ, चपलेच्या पट्ट्यावर असते तशी एक बारीक नक्षीही त्यांनी न विचारता उमटवली. माझी हरकत नव्हती. सुरुवातीला हे सीट नव्या कोल्हापुरीसारखं चावतं, आणि तिच्यासारखंच बसणाऱ्याची मापं घेतल्यावर दुसऱ्या कुणाला सोसत नाही. जाणते म्हणतील, ब्रुक्सचा शिक्का गेला, सीटची किंमत संपली. संपली असेल. पन्हाळ्याहून परत येईपर्यंत मला तरी ती संपल्याचं जाणवलं नाही.

आता राहिलीय हँडलची पट्टी. कॉर्कची मऊ पट्टी दुकानात मिळते, पण सुती पट्टी गुंडाळून तिच्यावर लाखेचे हात दिले की रंग गडद होतो, पाणी शिरत नाही आणि पकडही राहते. जुने लोक असंच करायचे. त्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा लागतो, सुतार फर्निचरच्या पॉलिशला वापरतात तोच. दुकानदाराने विचारलं, "कपाट केवढं आहे?" मी म्हणालो, कपाट नाही, सायकलचं हँडल आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, बाटली परत फळीवर ठेवली आणि तिच्याहून लहान बाटली काढली. "मग ही बास होती. आणि हे बघा, तीन हात द्या, पण प्रत्येक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पावसाळ्यात तर अजिबात सुरू करू नका, पांढरट पडतंय."

बाहेर जूनचं आभाळ भरून आलेलं. पट्टी सध्या टेपने चिकटवलीय.