वॉर्न गेला राव
४ मार्च २०२२. आज मोहालीत कोहलीची शंभरावी टेस्ट सुरू झाली. संध्याकाळी पार्क चौकात चहाच्या गाडीवर तीच चर्चा. तेवढ्यात एकाने मोबाइल पुढे केला. "शेन वॉर्न गेला बे." "गप बे, काहीपण फॉरवर्ड करतो!" पण खरंच निघालं. ऑस्ट्रेलियाचा तो लेगस्पिनर थायलंडमध्ये गेला, वय फक्त ५२. आज सकाळीच त्याने ऑस्ट्रेलियाचा जुना विकेटकीपर रॉड मार्शला श्रद्धांजली वाहिली होती.

आम्ही पक्के सचिनवाले. १९९८ ला चेन्नईत सचिनने त्याला मिडविकेटवरून भिरकावलं तेव्हा गल्लीत नाचलो होतो. पण टेनिस बॉल हातात आला की चालत यायचो ते वॉर्नसारखंच! जीभ किंचित बाहेर, चार निवांत पावलं, मग एकदम मनगट अन् खांद्याचा झटका. आमचा बॉल काही वळायचा नाही, पाय मात्र वळायचा. वॉर्नने १९९३ ला इंग्लंडच्या गॅटिंगला टाकलेला तो बॉल लेगस्टंपच्या बाहेर पडून ऑफस्टंपवर गेला. गॅटिंगचं तोंड आठवलं की आजही हसू येतं.

टेस्टमध्ये ७०८ विकेट. आणि २००८ ला कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या राजस्थानला आयपीएल जिंकून दिली, ते मला जास्त भारी वाटतं.

गाडीवर काहीजण लगेच त्याची सिगारेट, त्याचं डाएट काढत बसले. आज तरी नको ना राव.