बूड टेकायची जागा

कोल्हापुरात आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, चप्पल लाईनीत एखादा जोड पायात घालून दोन पावलं चालून बघतो आणि मग घाम पुसत म्हणतो, "आता कुठंतरी निवांत बसून चांगलंचुंगलं खाऊ या." इथं माझी पंचाईत होते. चांगलंचुंगलं या गावात भरपूर आहे. निवांत बसायच्या जागाही उदंड आहेत. पण या दोन गोष्टी एका ठिकाणी आणाव्यात असं गावाच्या मनात कधी आलेलं दिसत नाही. जिथं जीभ खूश होते तिथं बूड टेकायला सवड मिळत नाही, आणि जिथं तासन्‌तास बूड टेकावं तिथं खायला फार तर शेंगा.

मिसळीचंच घ्या. फडतऱ्यांची मिसळ शिवाजी उद्यमनगरात आहे आणि मला ती तिथंच शोभते. आजूबाजूला लेथ, फाउंड्र्या, वेल्डिंगच्या ठिणग्या. कामावर निघालेल्या माणसाला दुपारपर्यंत पोटाला आधार हवा असतो आणि हातात वेळ थोडा असतो. मटकी, बटाटा, वर शेव-चिवडा, कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस. कट, म्हणजे तर्रीदार रस्सा, वरून. परगावच्या माणसाला वाटतं, कोल्हापुरात सगळा नुसता जाळ. तसं नाही. चांगला कट तिखट असण्याआधी खमंग असतो. कांदा-लसूण मसाला नीट जमला असेल तर कपाळाला घाम येतो, डोळ्यांना पाणी येत नाही. कसबा बावड्याचे लोक हे वाचून मान हलवतील, कारण त्यांच्या लेखी मिसळ म्हणजे बावडा मिसळ. त्या वादात मी पडत नाही, माझं सासर तिकडंच आहे.

पण बसण्याचं काय? मिसळीचं कुठलंही नावाजलेलं दुकान घ्या, रविवारी सकाळी तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. ते तोंडानं काही बोलत नाही. तुमच्या ताटलीत किती स्लाइस उरल्यात एवढंच बघत राहतं.

गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर तर खुर्चीचा प्रश्नच येत नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना हे सांगून पटत नाही, म्हणून जरा तपशिलानं सांगते. भर वस्तीत, रहदारीला लागून, म्हशी उभ्या असतात. गवळी उकिडवा बसून तुमच्यादेखत म्हैस पिळतो. भांड्यात धार पडल्याचा आवाज आधी पातळ येतो आणि भांडं भरत गेलं की जाड होतो. फेस ग्लासाच्या काठावर चढलेला असतानाच ग्लास हातात येतो. साखर नाही, वेलची नाही, विस्तव नाही. दूध अंगचंच कोमट असतं आणि त्याला किंचित गोडी असते. उरलेलं किटलीत घालून लोक घरी नेतात. माझा डॉक्टर भाऊ हे बघून डोक्याला हात लावतो आणि न उकळलेल्या दुधातून काय काय होऊ शकतं याची यादी म्हणून दाखवतो. त्याचं बरोबर आहे. आजोबांबरोबर जायचो तेव्हा मात्र तोही माझ्याइतकाच पांढऱ्या मिशा लावून परतायचा.

कट्टा तिथं आहे यात नवल नाही. गंगावेस तालीम जवळच आहे, आणि तालमीतली पोरं म्हणजे दुधाचं हक्काचं गिऱ्हाईक. मेहनत करून आलेला पैलवान ग्लास घेत नाही, तो तांब्याच तोंडाला लावतो. कोल्हापूरच्या कुस्तीबद्दल सगळे बोलतात ते डाव-प्रतिडावांचं. तिच्यामागं असलेल्या म्हशींचं नाव कुणी घेत नाही.

आता मनातलं एक सांगते. कट्टा हा शब्द कोल्हापुरात फार लाडानं उच्चारतात. पेठेचा कट्टा, तालमीचा कट्टा, फुटबॉलच्या मोसमात कुठला संघ कसा हरला याची चिरफाड करायचा कट्टा. आमच्या पेठेतल्या पुरुषांचं अर्धं शिक्षण तिथं झालं. आम्ही मुली त्या कट्ट्यांवरून शाळेत गेलो, कॉलेजला गेलो, मान खाली घालून, भराभर. तिथं बसायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. आमचा कट्टा म्हणजे रंकाळा.

रंकाळ्याच्या काठावर दगडी कठडा आहे आणि त्यावर कुणीही बसतं. कुटुंबं, नवी जोडपी, निवृत्त शिक्षक, परीक्षेत नापास झालेली पोरं. कुणी कुणाला ऊठ म्हणत नाही. टॉवरकडून चालायला लागलं की समोरच्या काठावर शालिनी पॅलेस दिसत राहतो, एकेकाळी तिथं हॉटेल होतं. तळ्यातला दगडी संध्यामठ पाऊस चांगला झाला की पाण्यात जातो आणि उन्हाळ्यात बाहेर येतो. कॉलेजात असताना मैत्रिणींनी एकमेकींना जे काही सांगितलं ते सगळं त्या कठड्यावर, पाण्याकडं तोंड आणि रस्त्याकडं पाठ करून. खायला भेळ, आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेलं, तिखट-मीठ-लिंबू चोळलेलं कणीस. जलपर्णी वाढली की वास येतो, हे खरं आहे. तेव्हा आम्ही नाकाला पदर लावतो, पण उठत नाही.

पावसाळ्यात बसायची जागा बदलते, कारण सगळं गाव पंचगंगेचं पाणी बघायला जातं. घाट बुडाला, पाणी वर सरकलं, की प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच प्रश्न, "राजाराम बंधारा किती फूट?" नदीची पातळी या बंधाऱ्यावर मोजतात, एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 च्या महापुरानंतर त्या प्रश्नातली गंमत बरीच कमी झाली. तरी लोक छत्र्या घेऊन जातातच.

टपरीवरच्या चहाला मी ठिकाण म्हणत नाही, तो उभ्यानं घेतलेला श्वास आहे. मात्र चहाच्या एका हॉटेलाची गोष्ट या गावातल्या प्रत्येक हॉटेलाच्या आधी सांगायला हवी. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरी कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना सवर्ण नोकरांनी बेदम मारलं. महाराज तेव्हा गावात नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना म्हणाले की नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. पैसेही दिले. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' निघालं. चहा उत्तम, दुकान स्वच्छ, पण गिऱ्हाईक येईना. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराजांची गाडी रोज त्या हॉटेलसमोर थांबू लागली. ते गाडीत बसूनच मोठ्यानं चहा मागवत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजत. राजा पितोय म्हटल्यावर नाही म्हणायची सोय कुणाला होती? माझ्या डोळ्यांपुढं त्या मंडळींचे चेहरे येतात. कपबशी हातात धरलेली, घोट तोंडात, आणि गिळावा की थुंकावा याचा निर्णय होत नाही.

बसून खायचं म्हणाल तर तांबडा-पांढरा आहेच. खानावळीत ताट पुढं आलं की वाढपी रश्शाचं भांडं घेऊन फिरत राहतो आणि वाटीवर आडवा हात धरेपर्यंत थांबत नाही. मटणाच्या दिवशी, म्हणजे बुधवारी-रविवारी, बाहेर माणसं ताटकळलेली असतात, तरी आत बसलेल्याला इथं थोडा मान मिळतो. पण जेवण झाल्यावर तिथं कुणी रेंगाळत नाही. खरं तर रेंगाळण्याची ताकदच उरत नाही.

राजारामपुरी आणि ताराबाई पार्कात आता कॅफे झाले आहेत. माझ्या वयाची माणसं त्यांना नावं ठेवतात. कॉफी कसली पाणचट, दर कसले, बोर्डावरची नावं वाचता येत नाहीत. कॉफीबद्दल मी वाद घालणार नाही. पण परवा भाचीनं आणि तिच्या मैत्रिणींनी मला आग्रहानं नेलं. काचेतून रस्ता दिसत होता. चौघी पोरी सोफ्यावर पाय दुमडून बसल्या, एक कोल्ड कॉफी दोघींत, लॅपटॉप उघडा, हसण्यावर कुठला लगाम नाही. शेजारच्या टेबलावर तशाच आणखी पोरी. वेटर दोन-तीनदा नुसता बघून गेला. भाची म्हणाली, "आत्या, तूपण बस की गं नीट. अशी काठावर काय बसलीयास?" मी मागं सरकून पाठ टेकली.

दोन तासांनी पोरींनी लॅपटॉप मिटले, पैसे वाटून दिले आणि मला म्हणाल्या, "चल, भूक लागली. आता खाऊ या काहीतरी." मग आम्ही तीन गाड्यांवरून खासबागेत गेलो आणि मैदानाबाहेर गाडीला टेकून, उभ्याउभ्या, ज्यादा तिखट घालून भेळ खाल्ली.