पाठ केलेल्या प्रार्थनेत मन कसं लागतं?

"रोज तेच शब्द, तेही पाठ केलेले. त्यात मन कसं लागतं?" मी ख्रिस्ती आहे हे कळलं की थोड्या ओळखीनंतर हा प्रश्न येतोच. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

लहानपणी पहिली पाठ झाली ती प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली. बायबलमध्ये येशूचं चरित्र सांगणारी जी शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात ती ६व्या अध्यायात आहे, आणि लूकच्या ११व्या अध्यायात जरा आखूड रूपात. म्हणायला अर्धा मिनिट पुरतो. तिच्यात 'मी' कुठेच नाही. खोलीत एकट्याने गुडघे टेकले तरी 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' असंच म्हणायचं. शेजारी कुणी उपाशी असेल तर माझं ताट भरूनही ते मागणं अपुरंच राहिलं, असं मी समजतो.

पण मी अडलो तो पुढच्या ओळीवर. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' लूकमध्ये 'पापांची क्षमा कर' असं आहे, मत्तयात मात्र चक्क देण्याघेण्याची भाषा. जवळच्या एका नातेवाइकाने माझ्याकडून उसने पैसे नेले आणि पुढे घेतलेच नाहीत म्हणाला. पैशापेक्षा ते 'घेतलेच नाहीत' जिव्हारी लागलं. त्यानंतरच्या रविवारी उपासनेत उभा होतो. ओळ आली आणि 'सोडले आहे' ओठांवर येईना. 'सोडू' नाही, 'सोडतो' नाही, 'सोडले आहे'! मत्तयाच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही ते क्रियापद भूतकाळीच आहे. म्हणजे देवासमोर खोटं बोलायचं, नाहीतर गप्प राहायचं. मी गप्प राहिलो.

माझ्या शेजारी एक म्हातारी बाई उभ्या होत्या. एका हाताने पुढच्या बाकाची कड धरून, डोळे मिटून त्या ठणठणीत आवाजात म्हणत होत्या, 'आम्ही ऋण सोडले आहे.' त्यांचं कुणी काय बुडवलं होतं, मला ठाऊक नाही. पण त्यांच्या 'आम्ही'त मीही होतो. मला न जमणारं वाक्य सगळी मंडळी माझ्यासकट म्हणत होती. माझ्या मनाने प्रार्थना रचली असती तर ती ओळ मी सोयीने गाळली असती. पाठ प्रार्थनेत ती गाळता येत नाही, दर रविवारी समोर येऊन उभी राहते.

असे कित्येक महिने गेले. आता मी ती ओळ म्हणतो. 'सोडले आहे'पाशी आवाज अजूनही बारीक होतो.