कम्युनिटी कॉलेज, वेटिंग चार

आत्याचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस का? मागच्या महिन्यात त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. "अगं, तू कॉलेजात जातेस म्हणे या वयात? कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय गं, आपल्याकडच्या शिवणक्लाससारखं?"

मी हसले खरी, पण चार वर्षांपूर्वी कोल्हापूर सोडून इथे कॅलिफोर्नियात आले तेव्हा माझी समजूत तरी कुठे वेगळी होती? नवऱ्याच्या एका मित्राने सांगितलं होतं, "तिथे कोणालाही ॲडमिशन मिळते." झालं! आपण कटऑफ लिस्टवर वाढलेली माणसं. पहिली यादी ९४ टक्क्यांना बंद, दुसरी ९२ला, यावर कॉलेजची इज्जत ठरणार. "कोणालाही मिळते" म्हणजे आपल्या कानाला कॉलेजची बदनामीच.

इथे मात्र ते "कोणालाही" मुद्दाम ठरवलेलं आहे. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडा केला. बर्कलीसारख्या यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, विद्यापीठांसाठी शाळा संपवणाऱ्या मुलांतला वरचा एक अष्टमांश, स्टेट युनिव्हर्सिटीसाठी वरचा एक तृतीयांश, आणि दोन वर्षांची पदवी देणारं कम्युनिटी कॉलेज ज्याला शिकायचंय त्या प्रत्येकासाठी. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. त्यातलं एक आमच्या घरापासून सहा किलोमीटरवर, कुपर्टिनोतलं डी आन्झा.

१९६७ साली सुरू झालेलं हे कॉलेज. ॲपलवाल्यांपैकी स्टीव्ह वॉझनियाक इथे काही काळ शिकला, आणि १९८४ साली पहिला मॅकिन्टॉश इथल्याच फ्लिंट सेंटरच्या रंगमंचावर लोकांसमोर आला. हे सांगितलं की गावाकडच्या मंडळींना जरा बरं वाटतं, म्हणून सांगून टाकते. मला स्वतःला त्याचं फारसं काही नाही. मला भुरळ पडली ती संध्याकाळी सहाच्या पार्किंगची. दिवसाची पोरं निघालेली असतात आणि कामावरून सुटलेली माणसं येत असतात. कोणी सुताराच्या बुटांत, कोणी हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत, कोणी गाडीतच बसून डब्यातला भात घाईघाईने संपवतंय. माझ्या पहिल्या वर्गात सोळा वर्षांचा एक मुलगा होता आणि एकसष्ट वर्षांच्या एक बाई. मी बरोबर मध्ये.

सोळा वर्षांच्या मुलाचं सांगते, कारण आमच्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय कायम पेटलेला असतो. हायस्कूलची मुलं शाळेत असतानाच इथले विषय घेऊ शकतात, आणि पूर्ण वेळाएवढे विषय घेतले नाहीत तर त्यांना शिकवणीची फीही पडत नाही. योजना चांगलीच आहे. ज्या मुलाच्या शाळेत वरचं गणित शिकवतच नाहीत, त्याची सोय होते. पण आपल्या लोकांनी तिचंही दहावीचं वर्ष करून टाकलंय. "आमच्याने कॅल्क्युलस संपवलं, तुमचा कुठवर आला?" वगैरे. तो मुलगा मात्र गोड होता. मला दर तासाला एक्सेलचा एकेक शॉर्टकट शिकवायचा.

मी गेले ती निव्वळ नाइलाजाने. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., वर एका सीएंच्या ऑफिसात सहा वर्षं काम. इथे आल्यावर कळलं की आपली तीन वर्षांची पदवी बऱ्याच ठिकाणी चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची धरत नाहीत. इथलं सीपीए, म्हणजे ढोबळमानाने आपलं सीए, करायचं तर मी चौकशी केली तेव्हा १५० सेमिस्टर युनिट लागत होते (युनिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप), त्यात अकाउंटिंगचे किती, बिझनेसचे किती, नीतिशास्त्राचे किती, असे कप्पे. माझे कप्पे अर्धवट भरलेले. ते भरायचे कुठे? विद्यापीठात जायचं तर घर गहाण ठेवायला हवं. कम्युनिटी कॉलेजात राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टरचा एक युनिट ४६ डॉलरला पडतो, आणि हा दर २०१२पासून तसाच आहे. डी आन्झाचं वर्ष तीन महिन्यांच्या क्वार्टरवर चालतं, म्हणून तिथे ३१ डॉलर. पाच युनिटचा विषय १५५ डॉलर, म्हणजे आपले तेरा-चौदा हजार रुपये आणि वर किरकोळ फिया. अख्ख्या दोन वर्षांच्या पदवीला ९० युनिट लागतात. हिशेब तुम्हीच करा.

रहिवासी मात्र ठरावं लागतं. माझा व्हिसा एच-फोर, नवऱ्याच्या नोकरीवर आलेला. त्यावरही कॅलिफोर्नियात रहिवासी म्हणून फी लागू शकते, पण इथे राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला पाहिजे आणि त्याचे कागद पाहिजेत. भाडेकरार, विजेचं बिल, टॅक्सचे कागद. आमच्याकडची सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर. ज्या कोणी नव्याने येत असाल त्यांनी पहिल्या महिन्यातच एखादं बिल आपल्या नावावर करून घ्या. संसारात त्याने काही बिघडत नाही. आणि सासूबाई टुरिस्ट व्हिसावर सहा महिने येणार असतील तर त्यांना हौसेने कॉलेजात घालायला जाऊ नका, त्या व्हिसावर शिक्षणासाठी प्रवेश घेता येत नाही.

पैशांपेक्षाही मला नवल वाटलं ते काउन्सेलरचं. आपल्याकडे कॉलेजात खिडकी असायची, खिडकीमागे क्लार्क, आणि "पुढच्या आठवड्यात या" हे ठरलेलं वाक्य. इथे अर्धा तास एक बाई फक्त माझ्यासाठी बसल्या. माझ्या जुन्या मार्कलिस्टा त्यांनी पसरून ठेवल्या, कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे "आहे", उजवीकडे "हवं". क्वार्टरच्या युनिटचे सेमिस्टर युनिट करायला दोन तृतीयांशाने गुणायचं, म्हणजे माझ्या पाच युनिटच्या विषयाचे सीपीएच्या हिशेबात साडेतीनसुद्धा भरत नाहीत, हे त्यांनीच दाखवलं. शेवटी म्हणाल्या, "पहिल्या क्वार्टरला दोनच विषय घ्या."

मी तीन घेतले.

अकाउंटिंग तर आपल्या हातचा मळ, असं वाटलं होतं. पण क्वार्टर म्हणजे पळती बस. चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा, बाराव्यात खेळ खलास. एक विषय सोडायचा ठरवलं, "सोमवारी बघू" म्हटलं आणि झोपले. मागमूस न राहता विषय सोडायची मुदत रविवारी रात्री संपली होती. माझ्या गुणपत्रिकेवर तो डब्ल्यू आजही आहे, सोडून दिल्याची खूण. नापास नव्हे, पण दिसतो. तारखांचं पान कॉलेजने पहिल्याच दिवशी दिलं होतं, मी त्याचं वहीला कव्हर घातलं होतं.

दुसरा धडा मिळाला तो निबंधात. नीतिशास्त्राच्या विषयाला दोन हजार शब्दांचा निबंध होता. मी शाळेत निबंधात नेहमी पहिली, त्यामुळे छाती पुढे काढून लिहिला. कॉलेजात शिकवणीची मोफत सोय आहे, तिथे जाऊन दाखवला. समोर हुडी घातलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, हाही विद्यार्थीच. त्याने निबंध मोठ्याने वाचायला घेतला. तीच त्यांची पद्धत, लिहिणाऱ्याला स्वतःचं लेखन ऐकू यावं म्हणून. "मानवी संस्कृतीच्या उगमापासून सत्य आणि लोभ यांचा झगडा चालत आला आहे..." त्याने पहिला परिच्छेद संपवला, दुसरा संपवला, मग थांबून अगदी आदराने विचारलं, "छान आहे. पण तुमचं म्हणणं काय आहे?"

मी गप्प. कारण माझं म्हणणं चौथ्या पानावर होतं. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी, मग चहा, मग ख्यालीखुशाली, आणि उठता उठता कामाचं. इथे दारातच कामाचं सांगायचं. आम्ही दोघांनी मिळून चौथ्या पानावरचं वाक्य उचलून पहिल्या ओळीत ठेवलं. मानवी संस्कृतीचा उगम गळाला. मला थोडं वाईट वाटलं.

पुस्तकांचंही आधी भयंकर ओझं होतं, अकाउंटिंगचं एक पुस्तक दोनशे डॉलरच्या घरात जातं. आता बऱ्याच विषयांपुढे वेळापत्रकातच खूण असते, पुस्तकाचा खर्च शून्य. असे विषय वाढवायला राज्याने २०२१मध्ये ११.५ कोटी डॉलर बाजूला काढले. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सची पुस्तकं तर कोणालाही फुकट वाचता येतात, कोल्हापुरात बसूनसुद्धा. भाची बी.कॉम.ला आहे, तिला मी दुवा पाठवला. अजून उघडला नसणार.

आता फूड पँट्रीबद्दल, म्हणजे विद्यार्थ्यांना फुकट धान्य मिळतं त्या जागेबद्दल. हे लिहू की नको असं झालं होतं, कारण आत्याही हे वाचणार आहे. २०२१च्या कायद्याने इथल्या प्रत्येक कम्युनिटी कॉलेजला विद्यार्थ्यांच्या मूलभूत गरजांसाठी एक केंद्र काढणं सक्तीचं झालं. अन्न, राहण्याची अडचण, सरकारी मदतीचे अर्ज, सगळं एका जागी विचारता यावं म्हणून. डी आन्झात पँट्री आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी रात्री गोदामात काम करून सकाळी तासाला यायची. ती म्हणाली, चल माझ्याबरोबर. मी गेले, पण दारात पाय अडला. आमच्या घरात फुकटचं धान्य घ्यायचं म्हणजे दुष्काळाच्या गोष्टीतलं काहीतरी. आत एक साधं दुकान होतं. तांदळाच्या पिशव्या, पीनट बटर, अंडी, सफरचंदं, राजमाचे डबे. टेबलामागच्या मुलीने ओळखपत्र पाहिलं आणि "आज पालक ताजा आलाय," एवढंच म्हणाली. का आलात, नवरा काय करतो, घरात किती माणसं कमावतात, काही नाही. माझ्या मैत्रिणीने राजमाचे दोन डबे घेतले आणि मला विचारलं, याचं तुमच्याकडे काय करतात. मी तिथेच उभी राहून कांदा-टोमॅटोपासून सुरुवात केली. मागच्या रांगेतल्या एका मुलाने फोन काढून लिहून घेतलं. मी स्वतः काहीच उचललं नाही, गरज नव्हती. पण ज्याला असेल त्याला इथे मान खाली घालावी लागत नाही, हे पाहून आले.

नव्या कोर्सेसचं बोलायचं तर सगळ्यात जास्त मला आवडलेली गोष्ट कॉम्प्युटरची नाहीच. २०२१च्या एका कायद्याने इथल्या कम्युनिटी कॉलेजांना काही विषयांत चार वर्षांची पदवी कायमस्वरूपी देता येऊ लागली, आणि डी आन्झाने विषय निवडला मोटारींचा. ऑटोमोटिव्ह टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट. ज्या वर्कशॉपमध्ये पोरं गाडीखाली झोपून ऑइलने काळी होतात, तिथूनच बॅचलरची पदवी. माझा मावसभाऊ आयटीआय करून मोटार मेकॅनिक झाला. गाडीचा आवाज ऐकून रोग सांगतो, पण लग्नाच्या बायोडेटात शिक्षणापुढे काय लिहायचं यावर घरात दोन दिवस वाद झाला होता. त्याला मी त्या वर्कशॉपचे फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "लिफ्ट कुठल्या कंपनीची आहे?"

एआय तर सगळीकडेच घुसलंय. ऑगस्ट २०२५मध्ये राज्य सरकारने गूगल, मायक्रोसॉफ्ट, ॲडोबी आणि आयबीएमशी करार केला, कम्युनिटी कॉलेजांतल्या मुलांना त्यांचं एआय प्रशिक्षण मोफत मिळावं म्हणून. मोफत म्हटलं की आपले कान टवकारतात, माझेही टवकारले. पण मी हिशेबाच्या धंद्यातली. पोरांना आज ज्या कंपनीच्या हत्यारांची सवय लागेल, तीच हत्यारं ती उद्या आपल्या ऑफिसला विकत घ्यायला लावणार. शिकावं जरूर, पण कोणाच्या दुकानात बसून शिकतोय हे लक्षात ठेवून.

सध्या मला हवाय तो वैयक्तिक प्राप्तिकराचा विषय, संध्याकाळचा. माझी नोंदणीची वेळ उघडली तेव्हा मी नेमकी मुलाच्या पोहण्याच्या क्लासला होते. घरी येईपर्यंत वर्ग भरला. इथेही वेटलिस्ट असते, अगदी आपल्या महालक्ष्मी एक्सप्रेससारखी. कोणी जागा सोडली की पुढचा आपोआप आत. आणि वर्ग सुरू होईपर्यंत नंबर लागलाच नाही, तरी पहिल्या तासाला जाऊन मागे बसायचं. नाव नोंदवून न आलेल्यांची जागा शिक्षक काढून घेतात आणि बसलेल्याला नाव नोंदवायचा कोड देतात. कोल्हापूर-मुंबई प्रवासात टीसीमागे डबाभर फिरलेल्या माणसाला हे काही नवीन नाही.

काल रात्री वेटिंग सात होतं. आज सकाळी चहा टाकून बघितलं, चार.