रात्रीची भीती नाही वाटत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गणपतीला येणारे मुंबईकर विचारतात, शिमग्यात पालखीबरोबर खळ्यात येणारे विचारतात, पोस्टमन तर दर खेपेला विचारतो, "एवढ्या मोठ्या घरात एकट्या राहता, रात्रीची भीती नाही वाटत?"

नाही वाटत. हे उत्तर लोकांना फारसं आवडत नाही. निदान एक उसासा तरी टाकावा मी, अशी अपेक्षा असते.

पण आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. १९८६ ला लग्न झालं, २०१६ ला हे निवृत्त झाले, आणि मधल्या तीस वर्षांत आठवड्याच्या तीन-चार रात्री हे वस्तीला. शहरातल्यांना वस्तीची गाडी सांगावी लागते: संध्याकाळी डेपोतून निघायचं, रस्ता संपतो त्या गावात मुक्काम करायचा, आणि पहाटे तिथली माणसं घेऊन परतायचं. कधी तवसाळ, कधी अंजनवेल. हे आणि कंडक्टर देवळाच्या ओसरीवर, नाहीतर गाडीतच बाकड्यावर आडवे व्हायचे. मी इकडे सासूबाई आणि दोन पोरं घेऊन. तेव्हा रात्र माझी पाठ झालेली आहे. माडाची झावळी पडली की नारळ, हे मला झोपेतही कळतं.

उलट निवृत्तीनंतर हे रोज घरी झोपायला लागले तेव्हा माझीच झोप उडाली. घोरणं होतंच, वर पहाटे चारला उठून खळ्यात फेऱ्या. कुठली गाडी सुटत होती कोण जाणे.

अवघड आहेत ते सकाळचे साडेदहा.

आमच्या घराखालून रस्ता जातो, तिथे मोठा चढाव आहे. पहाटेची गाडी सातच्या सुमाराला तिथून जायची. हॉर्न वाजवायचे का, असं पोरी विचारतात, डोळे मोठे करून. छे! हॉर्न सरकारी, घरच्या कामाला वाजवायचा नाही, हा ह्यांचा नियम. मी लग्नानंतर एकदा रस्त्यावर जाऊन हात दाखवला तर हे समोर बघत निघून गेले. थांबा पुढे आहे म्हणे. आठ दिवस बोलले नव्हते मी. पण गाडी ह्यांची आहे हे कळायचंच. बाकीचे ड्रायव्हर गाडी कण्हायला लागली की गिअर बदलतात, हे चढाव लागायच्या आधीच दुसरा टाकायचे. अजूनही त्या चढावावर एखादी गाडी रडली की माझ्या तोंडून निघतं, "उशीर केलास रे बाबा."

मग आणखी एक फेरी मारून, डेपोत हिशेब उरकून साडेदहाला हे पाखाडी, म्हणजे घराकडे येणारी दगडी पायऱ्यांची वाट, चढायचे. हातात डबा. रात्री मी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी देत असे. सासूबाईंची शिकवण होती की भांडं रिकामं परत येऊ नये. ती शेजारपाजाऱ्यांच्या भांड्यांसाठी होती खरं तर, पण ह्यांनी स्वतःच्या डब्यालाही लावली. मे महिन्यात रातांबे, कधी ओल्या काजूच्या बिया, कधी वस्तीच्या गावातल्या कुणा आजीने दिलेली चार अंडी, भाताच्या तुसात बसवलेली. एकदा काहीच मिळालं नाही तर शृंगारतळीच्या दुकानातल्या लिमलेटच्या गोळ्या, तीन. माणसं घरात पाच. पावसाळ्यात तवसाळहून तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, यायची, ती डब्यात कुठली मावणार, ती काखेत! मग धोंडस करा, काकडीचा गोड केकच तो, वर निखारे, खाली निखारे. भाद्रपदात इतकं धोंडस झालं की पोरं डबा बघून पळायची. आता सहा महिन्यांत एक तवसं घरात येत नाही.

डबा पाखाडीवर खुळखुळायचा. मी चुलीपुढून ओरडायचे, "बिया!" किंवा "आवळे!" हे काही बोलायचे नाहीत, नुसता डबा पुढे करायचे. माझं बरोबर आलं तर ह्यांना राग यायचा, हे मला फार उशिरा कळलं. पुढे पुढे हे डब्यात केळीचं पान कोंबून आणायला लागले, आवाज येऊ नये म्हणून.

२०२१ च्या जून महिन्यात हे गेले. हृदय. त्याबद्दल एवढंच. महिन्याभराने, २२ जुलैला, चिपळूणला पूर आला. डेपोत उभ्या गाड्या पाण्यात बुडालेल्या, ते चित्र मुलाने मोबाइलवर दाखवलं. मी पडवीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, बघितलंत का तुमच्या गाड्या!" मुलगा काही बोलला नाही. मोबाइल मात्र त्याने लगेच बंद केला.

सुरुवातीला साडेदहाला मी मुद्दाम विहिरीवर जायचे. रहाट करकरतो, दुसरं काही ऐकू येत नाही. आता नाही जात. बसते ओटीवर, सुपारी कातरत.

परवा शेजारच्या वहिनींकडे फणसाची भाजी पाठवली होती, फडताळातला हाताला लागला तो डबा, नेमका हाच. त्यांचा नातू परत घेऊन आला. पाखाडीवर खुळखुळ ऐकू आली.

"बिया!" मी म्हटलं.

उघडलं तर करवंदं, आणि त्यांच्यावर दोन गोट्या, त्याच्या स्वतःच्या. चुकलं माझं. ह्यांच्या चालीवर मी ओळखायचे, हे पोर उड्या मारत चढतं.

"गोट्या परत हव्यात," तो म्हणाला, "डबा रिकामा वाटत होता म्हणून टाकल्या."